धावणे आणि पळणे

इंद्राच्या नंदनवनात कोणी धावत असल्याचे पुराणांत वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही. तेथे अप्सरा नाचतात, गंधर्व गातात, देव बसल्या जागी ऐकतात. घाई कोणालाच नसते. आमचे नंदनवन नागपूरच्या पूर्वेकडील एक वस्ती आहे. येथे कल्पवृक्ष नसल्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी स्वतः धावावे लागते. कोणी शाळेच्या बसमागे धावतो, कोणी नळाच्या वेळेमागे, तर कोणी गाणे वाजवीत येणाऱ्या आणि ते गाणे ऐकू येताच पुढल्या गल्लीत पोहोचलेल्या कचऱ्याच्या गाडीमागे. एवढे सक्तीचे धावणे पदरी असता कोणी हौसेने, पदरचे पैसे भरून, छातीवर क्रमांकाचा कागद टाचून धावेल हे आम्हांस कित्येक वर्षे खरे वाटत नव्हते.

परंतु काळ बदलला. वस्तीतील काही उत्साही मंडळींनी धावणाऱ्यांचे एक मंडळ काढले. त्यांत एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, एक किराणा दुकानदार आणि बँकेतून निवृत्त झालेले व त्यामुळे हिशेबाला पक्के असलेले एक गृहस्थ आहेत. या मंडळाने २०२५ च्या जानेवारीत शनिवार-रविवार असे दोन दिवस शर्यतींचा घाट घातला. शनिवारी मैदानावर मुलांच्या शर्यती व्हावयाच्या, आणि रविवारी पहाटे रस्त्यावर मोठ्यांच्या: दहा किलोमीटर, पाच किलोमीटर आणि साठीच्या पुढील स्त्रीपुरुषांसाठी दोन किलोमीटर. जानेवारी निवडला हे शहाणपणच म्हणावयाचे. वैशाखात जेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या गावी धावण्याचा हंगाम काय तो कार्तिकापासून माघापर्यंत. एरवी नागपूरकर उन्हापासून फक्त पळतो.

‘धावतो’ म्हटले नाही, ‘पळतो’ म्हटले, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मराठी भाषेने या दोन क्रियापदांत जो भेद केला आहे तो आम्हांस नेहमीच मोठा मार्मिक वाटत आला आहे. देव भक्ताच्या हाकेला धावतो आणि चोर पोलिसाला पाहून पळतो. संकटात शेजारी धावून येतो, व उसने घेतलेला मित्र पळ काढतो. पाय दोहोंतही तितक्याच वेगाने हलतात. पण धावणारा कशाकडे तरी जात असतो, पळणारा कशापासून तरी दूर होत असतो. भित्र्याला आपण पळपुटा म्हणतो. ‘धावपुटा’ असा शब्दच नाही. संसारात मात्र हा भेद टिकत नाही हे ओळखून पूर्वजांनी दोहोंचा समास करून टाकला, आणि आपण जन्मभर जी करतो तिला ‘धावपळ’ असे नाव दिले. हे व्याकरण येथे काढण्याचे कारण पुढे येईल.

शुक्रवारी सायंकाळी आम्ही ताईच्या खोलीत वर्तमानपत्र आणावयास गेलो. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. यजमान वारल्यापासून ती आमच्याकडे असते, वय बहात्तर. तिच्या खाटेवर पांढऱ्या कागदाची एक चौकोनी पट्टी पडलेली दिसली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक क्रमांक, त्याखाली ताईचे नाव, आणि चार कोपऱ्यांना चार टाचण्या. खाटेखाली पाहिले तो कॅनव्हासचे बूट, आणि तेही नवे नव्हेत, चांगले झिजलेले. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की गेले तीन महिने पहाटे ताई जी देवदर्शनाला जात होती ते दर्शन मैदानाला बारा प्रदक्षिणा घालून होत होते. आणि आमच्या कुटुंबाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. घरातील बातमी घरच्या कर्त्या पुरुषास सर्वांच्या शेवटी कळावी हा नियमच आहे, तेव्हा त्याचे आम्हांस विशेष वाटले नाही.

आम्ही अर्थात विरोध केला. रक्तदाब काढला, गुडघे काढले, थंडी काढली, गेल्या दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरला होता तेही काढले. ताईने सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग बुटाची नाडी सरळ करीत ती म्हणाली, “डॉक्टरांना विचारलंय. ते हो म्हणाले. आणि या वेळी कोणी बाबांना जाऊन सांगणार नाही.”

हे ती आम्हांस उद्देशून बोलली नव्हती. तिच्या मनात दुसरेच कोणी होते, आणि ते कोण हे आम्हांस पक्के ठाऊक होते. आम्ही वर्तमानपत्र न घेताच बाहेर आलो.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो ते मुख्यतः घरात बसवेना म्हणून. पण मुलांच्या शर्यतींइतकी मनोरंजक गोष्ट जगात थोडीच असेल! सहा वर्षांखालील मुलांची पन्नास मीटरची शर्यत आम्ही तीनदा पाहिली. कारण पहिल्या वेळी शिटीपूर्वीच सर्व जण सुटले, आणि दुसऱ्या वेळी शिटीनंतरही कोणीच सुटेना. तिसऱ्या वेळी एक मुलगा सर्वांच्या पुढे गेला आणि अंतिम रेषेच्या चार पावले अलीकडे थांबून मागे पडलेल्या मित्राला हाका मारू लागला. त्याचे वडील ओरडून ओरडून घामाघूम झाले. मित्र आला, दोघे हात धरून रेषा ओलांडते झाले, आणि तोवर इतर सात जण पुढे निघून गेले होते. पंचाचे काम करणाऱ्या शिक्षिकाबाईंनी त्या दोघांची नावे कोठे लिहावी या विचारात पेन्सिल बराच वेळ हवेत धरली होती. शेवटी सर्वांनाच पदके मिळाली. सर्वांना पदक देण्याची ही नवी रीत आम्हांस फारशी पसंत नाही. मुलांना पहिला कोण ते बरोबर कळलेले असते आणि पदक हाती घेऊन ती एकमेकांस तेच सांगत असतात. पण सहा वर्षांखाली असो बापडी, एवढी सवलत आम्ही द्यावयास तयार आहो.

मुलांच्या पायांतील रंगीबेरंगी बूट पाहता पाहता आम्हांस पुण्याच्या एका जुन्या क्रीडासामन्याची आठवण झाली. आठवण म्हणजे वाचनातली. तेव्हा आमचे वडीलही जन्मले नव्हते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे दोराबजी टाटा हे अध्यक्ष होते. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींना ते उपस्थित राहिले. त्यांनी पाहिलेले दृश्य त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात वर्णिले आहे. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोर, अन्न साधे, पायांत काही नाही, नियमांची माहिती शून्य. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून, पट्ट्यांच्या आखणीवाचून धावण्याचा बेत चालला होता. पण घड्याळ पाहिले तो या अनवाणी पोरांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या पंक्तीस बसण्यासारखा! त्या घड्याळातून पुढला सारा इतिहास निघाला. १९२० साली पुण्यास निवडीच्या शर्यती झाल्या आणि त्यांतून निवडलेले धावपटू व मल्ल बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले. मॅरेथॉनचे अंतर आज ४२.१९५ किलोमीटर असते. अँटवर्पला ते ४२.७५ होते, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासात सर्वांत लांब. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडले आणि एकोणिसावे आले. जिंकणारा फिनलंडचा कोलेमायनन त्यांच्यापुढे अवघी अठरा मिनिटे होता. गावच्या मंडळाने भरविलेल्या शर्यतीतून कोण कोठवर जाईल याचा नेम नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे. जरी आमच्या मैदानावरील त्या हात धरणाऱ्या जोडीकडून कोणी एवढी अपेक्षा करू नये.

या साऱ्या कथेत एकही स्त्री नाही, हे आमच्या ध्यानात पूर्वी कधी आले नव्हते. शनिवारी आले.

आता ते व्याकरण. १९६६ सालच्या हिवाळ्यात आम्ही महालात एका वाड्यात राहत होतो. ताई तेरा वर्षांची आणि आम्ही नऊ वर्षांचे. ताई शाळेत दोनशे मीटर धावण्यात पहिली आली होती आणि आंतरशालेय स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. वडिलांना हे सांगण्याची सोय नव्हती. ते वाईट नव्हते. ते फक्त १९६६ सालचे होते. ताई गाण्याच्या शिकवणीच्या नावाखाली पहाटे एका मैत्रिणीबरोबर चिटणीस पार्कवर सराव करी. मैत्रीण कडेला उभी राहून दोघींच्या वह्या व चपला सांभाळी आणि मोठ्याने आकडे मोजी, कारण घड्याळ कोणाकडेच नव्हते. आम्ही एकदा तिच्या मागोमाग गेलो आणि ते पाहिले. गुपित राखण्याच्या मोबदल्यात रोज एक पेपरमिंट ठरले. आठवडाभर ते मिळाले. आठव्या दिवशी ताईजवळ पैसे नव्हते. त्या रात्री जेवताना आम्ही वडिलांना म्हणालो, “बाबा, ताई मैदानावर पळते.”

‘धावते’ म्हणालो असतो तर काही निराळे झाले असते काय, कोण जाणे! वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. ओरडले नाहीत. “उद्यापासून शाळेतून थेट घरी,” एवढेच म्हणाले. ताई त्या वेळी परसात भांडी घाशीत होती. कोणी सांगितले ते तिला कळले नाही, आणि तिने आपल्यापुरता निष्कर्ष काढला. मैदानाची गोष्ट ठाऊक असलेले दुसरे माणूस तिच्या लेखी एकच होते. त्या मैत्रिणीशी ती दुसऱ्या दिवसापासून बोलेनाशी झाली आणि पुढे कधीच बोलली नाही. मैत्रीण दोनदा वाड्यात आली होती. दुसऱ्या वेळी दार आम्ही उघडले होते, आणि ‘ताई घरात नाही’ असे आम्हीच सांगितले होते.

वडिलांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्या काळी जगातील शहाण्यांचे मतही त्यांच्याहून फार वेगळे नव्हते. १९२८ साली अँम्स्टरडॅमला स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाली. धावून आलेल्या काही जणी रेषेपलीकडे दमून आडव्या झाल्या, हे पाहून पुरुष मंडळी इतकी घाबरली की ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. ती परत आली १९६० साली. आमच्या देशातून नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा १९५२ सालीच हेलसिंकीस धावून आल्या होत्या. पण ती अंतरे लहान होती. लांब अंतर बाईच्या प्रकृतीला झेपणार नाही याविषयी वैद्य, पंच आणि आमचे वडील यांचे एकमत होते. ज्या १९६६ साली आम्ही पेपरमिंटासाठी चुगली केली, त्याच साली एप्रिलात अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉबी गिब नावाची तरुणी रस्त्याकडेच्या झुडपांत लपून बसली आणि शर्यत सुटताच पुरुषांच्या घोळक्यात शिरून शेवटपर्यंत धावली. तिचा अर्ज स्त्री म्हणून परत पाठविण्यात आला होता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. त्याच वर्षी पी. टी. उषेचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने गेले. त्या वेळी ताई दिवाळसणाला नव्हे, बाळंतपणाला नव्हे, सहजच माहेरी आली होती. तिने वर्तमानपत्रातील उषेचे चित्र कात्रीने कापून घेतले आणि घडी करून कोठेतरी ठेवले, हे आम्ही पाहिले होते व काही बोललो नव्हतो.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही मफलर बांधून हजर झालो. अंगाला झोंबणारी थंडी होती आणि रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात दोनअडीचशे माणसे जागच्या जागी उड्या मारीत होती. बुटांची, घड्याळांची, पट्ट्यांची अशी काही आरास की माणूस शोधून काढावे लागे. त्यांत दिघोरीकडून आलेली एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती. तिचे बूट ताईच्या बुटांहूनही जुने होते. तिने आयोजकांस पहिला प्रश्न केला तो बक्षिसाच्या रकमेविषयी. आणि आम्हांस सांगावयास हरकत नाही, त्या गर्दीतील सर्वांत सरळ प्रश्न तोच वाटला. ती पोलीस भरतीची तयारी करीत होती. भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते आणि प्रत्येक सेकंदाची किंमत गुणांत मोजली जाते. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर आज जी पोरे अंधारात धावताना दिसतात ती आरोग्यासाठी धावत नाहीत, नोकरीकडे धावतात. ताई चुकून पाच किलोमीटरच्या रांगेत उभी राहिलेली पाहून ती म्हणाली, “आजी, तुम्ही इकडं काऊन उभ्या जी? तुमची रेस मंग हाय.” आणि ताईचा हात धरून तिने तिला योग्य जागी नेऊन उभे केले.

ज्येष्ठ स्त्रियांच्या शर्यतीत अकरा जणी होत्या. बहुतेकींनी पंजाबी पोशाख केला होता. दोघी नऊवारीत होत्या. नऊवारी पाहून सर्वांना एकच नाव आठवले. २०१३ साली बारामतीस ज्येष्ठांच्या शर्यतीत लता भगवान करे या साठी उलटलेल्या बाई नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या होत्या. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. ताईने तो चित्रपट दोनदा पाहिला होता, हे आमच्या कुटुंबाने तेथे उभ्या उभ्या आम्हांस सांगितले. त्या दिवशी आम्हांस कळलेल्या गोष्टींत हीही एक.

शिटी झाली. जगनाडे चौकाच्या बाजूस एक किलोमीटर जाऊन परत यावयाचे होते. आम्ही पाण्याची बाटली आणि रक्तदाबाची गोळी खिशात घालून रस्त्याच्या कडेने बरोबर निघालो. बहीण पडली तर धरावयास कोणी हवे, असा आमचा उदात्त हेतू. पहिली तीनशे पावले तो टिकला. मग पोटात कळ आली, मफलर सुटला, आणि एका हातगाडीला धरून आम्ही उभे राहिलो. ताई पुढे निघून गेली. तिचे धावणे म्हणजे फार मोठा वेग नव्हे. चालणारा तरुण माणूस तिला सहज गाठील. पण कोपरे अंगाशी, मान सरळ, आणि ओठ किंचित हलत होते. ती पावले मोजीत होती. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी चिटणीस पार्कच्या कडेला उभे राहून तिच्यासाठी जी आकडे मोजी तिचा आवाज आम्हांस तेथे हातगाडीजवळ स्पष्ट आठवला.

ताई अकरांत चौथी आली. वेळ सतरा मिनिटे आणि काही सेकंद. बुटाच्या नाडीत अडकविलेल्या चकतीने तो आपोआप टिपला आणि कागदावर छापून दिला. दिघोरीची मुलगी आपल्या शर्यतीत दुसरी आली. रक्कम मोजून घेऊन, कनवटीला लावावी तशी मोज्यात खोचून ती सायकलवर निघून गेली, कारण तिला कामावर जावयाचे होते.

नागपुरात कोणत्याही पराक्रमानंतर तर्री-पोहे खाण्याचा प्रघात आहे. कुटुंब घरी गेले आणि आम्ही बहीणभाऊ चौकातील गाडीवर उभे राहिलो. तर्रीचा लाल तवंग पोह्यांवर पसरत असता, आता नाही तर कधीच नाही, असे वाटून आम्ही बोललो. पेपरमिंट सांगितले. जेवणाचे पान सांगितले. ‘पळते’ हा शब्ददेखील सांगितला. मैत्रीण दोनदा आली होती आणि दुसऱ्या वेळी दार कोणी उघडले होते तेही सांगितले. ताई खाली पाहून पोहे खात राहिली. ती मैत्रीण २०१९ साली वर्ध्यास वारली. तेव्हा समाचाराला चल म्हणून आम्ही म्हटले असता ताई ‘माझं तिच्याशी काही नाही’ असे म्हणाली होती, आणि आम्ही आग्रह केला नव्हता. आग्रह का केला नव्हता हेही शेवटी सांगून टाकले.

ताईने प्लेट पुसून स्वच्छ केली. पदक गळ्यातून काढले, त्याची फीत बोटाभोवती गुंडाळली आणि ते पिशवीत टाकले. गाडीवाला “अजून तर्री देऊ का, मावशी?” म्हणून विचारीत होता, तिने मानेने नको म्हटले.

“तू नऊ वर्षांचा होतास,” ती बऱ्याच वेळाने म्हणाली. आम्हांस हायसे वाटले. पण तिचे बोलणे संपले नव्हते. “दार उघडलंस तेव्हाही नऊचाच होतास. वर्ध्याच्या वेळी बासष्टचा होतास.”

यावर आम्हांस उत्तर नव्हते.

“तिला एक मुलगी आहे ना रे? वर्ध्यालाच असते?”

“असते. शाळेत शिकवते.”

“तिचा नंबर काढ.”

“आत्ता?”

“आत्ता. आज रविवार आहे, घरी असेल.”

आम्ही चष्मा पुसला, आणि पोह्यांच्या गाडीशी उभे राहून ओळखीतल्या एकेकास फोन लावू लागलो. तिसऱ्या ठिकाणी नंबर मिळाला. तो आम्ही वर्तमानपत्राच्या तेलकट तुकड्यावर लिहून घेतला. ताईने तो तुकडा आमच्या हातून घेतला, आकडे एकदा मोठ्याने वाचून पाहिले, आणि आमच्याकडे पाठ करून थोडी दूर, जेथे गर्दीचा आवाज कमी होता अशा एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.